सोलरचा पंप, चैत्रातलं पाणी आणि जयणा



प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या वेळी आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. रोज म्हणून म्हणून ती इतकी पाठ झालेली असतात की अर्थाकडे लक्ष जात नाही. त्यातलं चौदावं आहे सरोवर, डोह, तळी सुकवण्याचं. उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात भगवान महावीर आनंद श्रावकाला हे अतिचार समजावून सांगतात. तळं उपसून कोरडं करणं हा श्रावकाचा धंदा होऊ शकत नाही, कारण पाण्याबरोबर पाण्याच्या आश्रयानं जगणारे सगळे जीव जातात. आपल्यापैकी तळी उपसायला कोण जातंय, असं मला वाटायचं. पण या चैत्रात आमच्या गच्चीवरची सगळी पाण्याची व्यवस्था रिकामी करायची वेळ आली, आणि त्या एका ओळीवर घरात तीन दिवस बोलणं झालं. कितीतरी घरांत आता सोलर आहे, प्रेशर पंप आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर मंचरला. खाली दुकान, वर आम्ही राहतो, आणि त्याच्यावर गच्ची. गच्चीत हजार लिटरची थंड पाण्याची टाकी, शेजारी काचेच्या नळ्यांचा 200 लिटरचा सोलर. राहतो तो मजला गच्चीच्या लगेच खाली असल्यानं पाणी फार उंचावरून येत नाही. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर त्याला साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या न्हाणीघराच्या नळापर्यंत जेमतेम तीन मीटर. नळाखाली बादली भरायला तेवढं पुरतं, पण हँड शॉवरला पुरत नाही. म्हणून गरम पाण्याच्या लाइनीवर एक छोटा पंप बसवलेला होता.

तो पंप ओळीच्या दुसऱ्या दिवशी बिघडला. खालून पाणी ठिबकायला लागलं, मग नुसती घरघर आणि पाणी नाही. मिस्त्रीनं उघडून दाखवलं. उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडलं की आम्ही हौदात बोअरचं मिसळतो. ते जड. जड पाणी तापलं की त्यातला चुना वेगळा होऊन पांढऱ्या थरासारखा बसतो. तो सोलरच्या टाकीत बसतो, रॉडवर बसतो आणि पंपाच्या सीलमध्येही जातो. सील खरवडलं गेलं, पाणी मोटारीत शिरलं. दुरुस्त होण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पहिला प्रश्न आईंनी विचारला, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. "पंप हवाच आहे का?"

आई चौदा नियम धारतात. त्यातल्या स्नानाच्या नियमात त्यांची दिवसाला एक बादली ठरलेली. त्यांना त्या पंपाशी कधीच कर्तव्य नव्हतं. आम्हा बाकीच्यांनाही बादली-तांब्यानं अंघोळ करायला काही अडत नाही. पण बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून स्टुलावर बसवून अंघोळ घालावी लागते. एका हातानं त्यांना धरायचं आणि दुसऱ्या हातानं पाणी घालायचं. तांब्यासाठी वाकलं की धरलेला हात सुटतो. हँड शॉवरला दाब नसला की पाणी अंगावर पोहोचेपर्यंत गार होतं आणि ते कुडकुडतात. आईंनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग पंप घ्या. पण तो नळ सोडला की आपोआप चालू होणारा नको. त्यांच्या अंघोळीपुरतं बटण दाबायचं आणि बंद करायचं." आमच्या घरात तो निर्णय तिथेच झाला. गरज कोणाची, किती वेळाची, हे आधी विचारलं की वस्तू घेण्यातली जयणा आपोआप निम्मी होते.

आता पंप बदलायचा म्हणजे लाइनीतलं पाणी बंद करायला हवं. इथे खरी अडचण निघाली. सोलरला थंड पाणी देणारा व्हॉल्व्ह चुन्यानं इतका आवळला होता की फिरवूनही पूर्ण बंद होईना, पाणी पास करत राहिला. तो बदलायचा तर वरची टाकी रिकामी हवी. आणि थंड पाणी सोलरच्या टाकीत खालच्या बाजूनं शिरतं, त्यामुळे तो व्हॉल्व्ह काढला की सोलरमधलं पाणीही उलटं खाली येणार. म्हणजे हजार लिटर तिकडचे आणि दोनशे इकडचे. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, पाइप लावतो, गच्चीच्या होलात सोडून देतो. अर्ध्या तासाचं काम."

गच्चीचं होल आमच्या मागच्या बोळात उतरतं. तिथे भिंतीला शेवाळ, खाली मुंग्यांच्या रांगा, विटांच्या फटीत कसले कसले किडे. उन्हाळ्यात सोलरचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. ते दोनशे लिटर तिथे सोडायचं म्हणजे काय होईल हे सांगायला कुणी साधू-साध्वी लागत नाहीत. शेवाळ म्हणजे तर अनंतकाय, सुईच्या टोकाएवढ्यात अनंत जीव. आणि चैत्रात, जेव्हा नळाला पाणी कमी आणि आठवड्यात टँकर फिरायला लागलेले, तेव्हा बाराशे लिटर पाणी बोळात घालवणं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही डोळ्यांत खुपलं असतं.

इथे थोडं आपल्या पाण्याविषयी सांगते, कारण नळ सोडताना ते आपल्याला आठवत नाही. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्या उगम पावतात. त्यांच्यावर माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे आणि येडगाव अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. त्यांचं पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. ज्या आंबेगावचं नाव आपल्या तालुक्याला आहे ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. माणसांनी घरंदारं सोडली तेव्हा ते पाणी साठलं. एवढं आठवलं तरी बादली तिरपी करताना हात थांबतो.

जुन्या लोकांना ती किंमत माहीत होती. नाणेघाटात आणि जुन्नरच्या लेण्यांत खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या प्राकृत शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय, आणि पोढी खोदवून देणं हे दान म्हणून कोरून ठेवलंय. त्याच जुन्नरच्या मानमोडी डोंगरात मूळ बौद्ध लेण्यांमध्ये पुढच्या काळात आपल्या तीर्थंकरांच्या आणि नेमिनाथांची शासनदेवी अंबिका हिच्या मूर्ती कोरल्या गेल्या, म्हणून त्या लेण्यांना लोक अंबा-अंबिका म्हणतात. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी, मंचरला जुनी बारव. पाणी कुठे आहे ते पाहून मग माणसं राहिली.

तर आमच्या घरात ठरलं ते असं, की कामाची तारीख आपण ठरवायची, आणि त्या तारखेपर्यंत पाणी वापरून संपवायचं. ओतून नाही.

आम्ही मिस्त्रीला ओळीच्या सहाव्या दिवशी, म्हणजे चैत्र सुदी बारसला बोलावलं. दुसऱ्या दिवशी महावीर जन्मकल्याणक, त्यामुळे आदल्या दिवशी उरकायला हवं होतं. तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपासून हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवणं बंद केलं. सहा माणसांचं घर, रोजच्या वापरात टाकी खाली जात राहिली. मी त्या दोन दिवसांत गोधड्या-चादरी धुवून घेतल्या. त्या तशाही पर्युषणाच्या आधी कधीतरी धुवायच्याच होत्या. सहाव्या दिवशी सकाळी टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं.

सोलरचं कोडं वेगळं होतं. गरम पाणी बाहेर जाण्याची नळी टाकीच्या वरच्या बाजूला असते. नळ कितीही वेळ सोडला तरी ती टाकी तळापर्यंत रिकामी होत नाही. जेवढं गरम वरून जातं तेवढं थंड खालून येतं. मग ते पाणी गार कसं करायचं? मिस्त्री म्हणाला, "बादलीत थंड पाणी घ्या, त्यात सोडू." आईंनी लगेच हात वर केला. तापलेलं पाणी कच्च्या पाण्यात ओतलं की कच्च्या पाण्यातल्या अपकायाच्या जीवांची विराधना होते. आपल्यातल्या कितीतरी घरांत अंघोळीलाही गरम-गार मिसळत नाहीत, ते याच कारणानं.

उपाय सोपा निघाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काचेच्या नळ्यांवर दोन जुन्या गोधड्या पसरल्या आणि सुतळीनं बांधल्या. ऊनच लागलं नाही तर पाणी तापेल कशाला? दोन दिवस गरम पाणी वापरत गेलो, खालून थंड येत गेलं, सहाव्या दिवशी टाकीत नुसतं कोमट पाणी होतं. ते दोन दिवस बाबांचं पाणी गॅसवर तापवलं.

गोधडी बांधण्याचं दुसरंही कारण आहे, आणि ते सोलर असलेल्या प्रत्येकीनं लक्षात ठेवावं. या नळ्या दुहेरी काचेच्या असतात आणि दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली असते, थर्मासच्या बाटलीसारखी. रिकामी नळी उन्हात राहिली की आतून भयंकर तापते. त्यात एकदम थंड पाणी शिरलं तर काच तडकते. म्हणून रिकाम्या सोलरमध्ये भर दुपारी पाणी भरायचं नसतं. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर भरायचं. मिस्त्रीची सवय संध्याकाळची होती, दिवसभराची दुसरी कामं उरकून तो सातनंतर यायचा. आमच्याकडे ते जमणारं नव्हतं. अंधारात गच्चीत दिवा लावला की चैत्रातले पाखरू-किडे झडपतात आणि उघड्या टाकीत पडतात. मग सूर्योदय झाल्यावर लगेच, नळ्या झाकलेल्याच ठेवून काम करायचं असं ठरलं. त्याला त्याची सकाळ आमच्यासाठी मोकळी ठेवावी लागणार होती, म्हणून ह्यांनी आधीच सांगितलं की काम दोन तासांत झालं तरी रोज पूर्ण दिवसाचा. आपल्या जयणेचा भार दुसऱ्याच्या कमाईवर पडता कामा नये. ते होत असेल तर ती जयणा आपली राहत नाही, आपण ती त्याच्याकडून करवून घेतो.

सहाव्या दिवशी सकाळी मुख्य बटण बंद केलं. सोलरला विजेचा रॉड असेल तर हे आधी करायचं. पाणी नसताना रॉड चालू राहिला तर जळतो. मग टाकीवरची हवेची नळी पाहायची. सोलरची टाकी बंद डब्यासारखी नसते, तिच्या डोक्यावर एक उघडी नळी असते. पाणी खाली जाताना त्या नळीतून हवा आत येते. नळी बुजली असेल आणि आपण खालून पाणी काढलं तर आतला पातळ पत्रा ओढला जाऊन टाकी पोचते. याच उघड्या नळीमुळे प्रेशर पंप सोलरच्या आधी लावता येत नाही, नाहीतर पाणी तिथूनच उडतं. तो सोलरच्या पुढे, गरम पाण्याच्या लाइनीवरच लागतो.

मिस्त्रीनं शिडीवरून पाहिलं आणि म्हणाला, "मातीनं भरलंय. खिळ्यानं काढतो."

मी वर चढून पाहिलं. नळीच्या तोंडाशी बसवलेल्या एल्बोत कुंभारीण माशीनं मातीची घरटी केली होती. दोन. एकाला बाजूला गोल भोक होतं, म्हणजे आतला जीव मोठा होऊन निघून गेला होता. दुसरं चारी बाजूंनी बंद होतं. कुंभारीण आपल्या घरट्यात अंडं घालते, पिलासाठी खायला अळ्या भरून ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. बंद घरटं म्हणजे आत कोणीतरी आहे.

हे कळल्यावर गच्चीत शांतताच झाली. खिळा मिस्त्रीच्या हातात, खाली बाबांची अंघोळ खोळंबलेली, ऊन वर यायला लागलेलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईंकडे. आईंचं त्या दिवशी सहावं आयंबिल होतं. आवाज बारीक झाला होता, पण डोकं शांत होतं. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "बाळा, हा तुकडा केवढ्याला मिळतो?"

"एल्बो? वीस-पंचवीस रुपये, आजी."

"मग घरटं कशाला काढतोस? तुकडाच काढ. नवा बसव."

एल्बो नुसता दाबून बसवलेला होता, चिकटवलेला नव्हता. मिस्त्रीनं तो सांभाळून, न आपटता फिरवून काढला. आम्ही तो तारेनं टाकीच्या स्टँडला सावलीच्या बाजूला, आधीच्याच दिशेनं तोंड करून बांधला. नवा एल्बो बसवला आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. हवा जाईल, माशी शिरणार नाही. मिस्त्री हसला, पण टिंगलीनं नाही. म्हणाला, "आजी, मी आजवर शंभर तरी खिळ्यानं उकरलेत." आई म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं नव्हतं ना. आता माहीत झालं." एवढंच. मला वाटतं, उपदेश याहून लांब नसावा.

मग पाणी काढलं. सोलरच्या खालच्या बाजूचं बूच सोडून त्याला पाइप लावला आणि पाइपाचं दुसरं टोक दुकानातल्या मोठ्या पिंपात. कोमट पाणी शांतपणे पिंपात उतरलं. शेवटी शेवटी ते दुधासारखं आलं आणि त्यात पांढरे पापुद्रे. तो सगळा चुना. नळ्यांमधलं पाणी मात्र आतच राहतं, कारण नळ्या टाकीच्या खाली तिरप्या लोंबतात. नेहमीच्या 1800 मिलिमीटर लांबीच्या नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी असतं. ते काढायची गरजही नव्हती. झाकलेल्या नळ्या भरलेल्याच राहिल्या, म्हणजे त्यांना तडकण्याची भीतीही उरली नाही. पिंपाचं तोंड फडक्यानं बांधलं, आणि ते पाणी दोन दिवसांत फरशी, जिना, दुकानाची पायरी यांना संपवलं. त्याहून जास्त ठेवलं नाही. साठवलेलं उघडं पाणी म्हणजे जीवांना आमंत्रण.

वरच्या टाकीतली शेवटची चार बोटं आईंनी माझ्याकडून गाळून घेतली. त्या माहेरी विहिरीचं पाणी पीत वाढल्या. दुहेरी जाड सुती गळणं, ज्यातून सूर्याचं बिंब दिसू नये असं सांगतात. गाळून झालं की गळणं उलटं करून त्याच पाण्यानं हळूच धुवायचं आणि ती जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत, वरून न ओतता, पाण्यापर्यंत नेऊन सोडायची. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत म्हणून. आता विहीर नाही. पण टाकीतलं पाणी हौदातून येतं, म्हणून जिवाणी हौदात सोडली. चंबूनं, पाण्याला टेकवून. मी चंबू धरला आणि आई वरून सांगत होत्या.

गंमत म्हणजे गळण्यावर फारसं काही नव्हतं. थोडी बारीक माती. टाकीला घट्ट झाकण आहे आणि आम्ही ती दर तीन महिन्यांनी स्वच्छ करतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. महासतीजी व्याख्यानात सांगतात तेही वेगळं नाही. जीव झाल्यावर त्यांना वाचवण्यापेक्षा, आपल्या वस्तूत त्यांची उत्पत्तीच होऊ न देणं ही पहिली जयणा. भरलेली बादली, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे हे जिने आठवड्याला कोरडे केले तिने दोन्ही पाळलं.

रॉडवर चुन्याचा बोटभर जाड थर होता. मिस्त्री ॲसिड म्हणाला. आम्ही किराण्यात मिळतं ते लिंबूफूल एका बादलीभर पाण्यात घालून त्यात रॉड रात्रभर ठेवायचा पर्याय निवडला. काम एक दिवस लांबलं, पण रॉड बाबांच्या अंघोळीला लागत नव्हता. थर फेसाळून सुटला. उरलेला लाकडी पट्टीनं खरवडला.

नवा पंप बसवताना एक गोष्ट मुद्दाम करून घेतली. पंपाच्या दोन्ही बाजूंना एकेक व्हॉल्व्ह आणि युनियन. युनियन म्हणजे फिरवून उघडता येणारा जोड. पुढच्या वेळी पंप काढायचा झाला तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे, मधलं तांब्याभर पाणी खाली घ्यायचं आणि पंप बाजूला. बाकी एक थेंब हलवायची गरज नाही. टाकीलाही नवा व्हॉल्व्ह लावला. आणि महिन्यातून एकदा सगळे व्हॉल्व्ह पूर्ण बंद-चालू फिरवायचे, म्हणजे चुना त्यांना आवळत नाही. तुमच्याकडे नवीन काम निघालं तर प्लंबरला हे आवर्जून सांगा. पाचशे-हजार रुपये जास्त लागतील, पण टाक्या उपसण्याची वेळ येणार नाही.

भरतानाचा क्रम असा. आधी वरची टाकी भरली, मग सोलरला हळूहळू पाणी सोडलं. गरम पाण्याचे घरातले सगळे नळ उघडे ठेवले. आधी फसफस हवा येते, मग तुटक पाणी, मग सलग धार. धार सलग झाली की नळ बंद. पंपावर हवा काढायचा एक स्क्रू असतो, तो पाणी येईपर्यंत सैल ठेवून मग आवळला. पंपात हवा अडकली तर तो नुसता घरघरतो आणि सील कोरडं घासलं जाऊन पुन्हा खराब होतं. नळांखाली बादल्या होत्या, ते पाणीही वापरलं. सगळं भरल्यावरच गोधड्या सोडल्या.

या निमित्तानं दोघी-तिघींनी मला विचारलं, सोलरचं पाणी तपस्येत पक्कं पाणी म्हणून चालतं का? नाही. पक्कं पाणी म्हणजे गाळून तीन उकळ्या आलेलं. सोलरमध्ये पाणी तापतं, उकळत नाही. शिवाय ते टाकीत, चुन्यात उभं असतं, पिण्याचं नसतंच. आईंचं आयंबिलाचं पाणी त्या दिवसांतही रोजच्यासारखं स्वयंपाकघरात वेगळं उकळलं. उन्हाळ्यात त्याची मर्यादा पाच प्रहर, हिवाळ्यात चार, चातुर्मासात तीन. प्रहर म्हणजे साधारण तीन तास. मर्यादा उलटण्याआधी संपेल एवढंच उकळायचं.

आता त्या चौदाव्या कर्मादानाचं. मी आईंना विचारलं, टाकी रिकामी केली हे त्यात येतं का? त्या म्हणाल्या, कर्मादान धंद्याला म्हणतात. पोटापाण्यासाठी तळी सुकवणं वेगळं आणि घरातली टाकी दुरुस्त करणं वेगळं. श्रावकाला ठरवून, जाणूनबुजून त्रस जीव मारण्याचा त्याग असतो. घरसंसारातल्या कामात जी हिंसा होते ती आरंभी. ती पूर्ण सुटत नाही. ती सुटायला दीक्षा लागते. पण ती कमी करता येते, आणि किती कमी करता येते ते आपण विचार किती आधी करतो यावर असतं. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात सहा जीवनिकाय सांगून झाल्यावर चालण्या-बसण्यापासून सगळं यतनेनं करायला सांगितलंय. चालू नका, बसू नका असं तिथे नाही.

मला त्या दिवसांत हे नीट कळलं. काम तेच होतं. मिस्त्रीच्या पद्धतीनं अर्ध्या तासाचं, आमच्या पद्धतीनं तीन दिवसांची तयारी आणि अडीच तासांचं. फरक एवढाच पडला की बाराशे लिटर पाणी वापरात गेलं, बोळातल्या मुंग्यांना पत्ताही लागला नाही, आणि बाबांची दुसऱ्या दिवशीची अंघोळ गरम पाण्यानं, न कुडकुडता झाली. ते नीट बोलू शकत नाहीत. शॉवरची धार पाठीवर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि चांगला हात माझ्या मनगटावर ठेवला. आई दाराशी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनीच बटण बंद केलं.

स्टँडला बांधलेल्या एल्बोकडे मी रोज कपडे वाळत घालताना पाहत होते. वैशाख लागल्यावर एका सकाळी बंद घरट्याला बाजूनं गोल भोक पडलेलं दिसलं. मिस्त्रीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, आता मी पण आधी भोक आहे का बघतो."

जय जिनेंद्र.